बाळ गमावलेल्या लॅटिनो आईवडिलांसोबत काम करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या मूळच्या नागपूरच्या असून टेक्सासमधील एका रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात आठ महिन्यांपासून परिचारिका आहेत. मेक्सिकोहून आलेल्या एका बाईंचे बाळ ३६व्या आठवड्यात पोटातच गेले. त्या रडल्या नाहीत, ‘देवालाच ठाऊक’ एवढेच म्हणाल्या. त्यांच्या आईने बाळाला बघू नकोस असे सांगून दुपटे ओढून घेतले आणि वडील दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर गेले. “मला त्यांच्या रीती ठाऊक नव्हत्या, म्हणून मी गप्प राहिले. काय करायला हवे होते? आणि आता पाच आठवडे उलटून गेल्यावर त्यांच्याशी संपर्क साधणे योग्य ठरेल का?”

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण दक्षिण टेक्सासमध्ये परिचारिका म्हणून रुजू झाल्यावर पहिली काही वर्षे मीही अशीच गप्प राहत असे. येथे मला आता तेवीस वर्षे झाली. त्यांपैकी शेवटची पंधरा वर्षे मी गर्भावस्थेत किंवा जन्मानंतर बाळ गमावलेल्या कुटुंबांसोबतच काम करते आहे आणि त्यांतील बहुसंख्य कुटुंबे स्पॅनिश बोलणारी आहेत. पुढे जी उदाहरणे येतील त्यांतील तपशील कोणाची ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. या घरांना गेलेल्या लेकराचा शोक कसा करायचा हे शिकवण्याची गरज नसते, ते त्यांच्या आज्या-पणज्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ चांगले ठाऊक होते. अडचण अशी की त्या रीती आणि हे आईवडील यांच्यामध्ये आपले रुग्णालय उभे असते, आपली परकी भाषा, आपले अर्ज, आपली घाई आणि आपली बिले घेऊन. त्या वाटेतून जेवढे अडथळे दूर करता येतील तेवढे करणे हेच आपले काम आहे असे मी मानते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेत विसाव्या आठवड्यानंतर पोटातच गेलेल्या बाळांची संख्या दरवर्षी सुमारे २१,००० आहे, म्हणजे साधारण १७५ जन्मांमागे एक. विसाव्या आठवड्यापूर्वीचे गर्भपात आणि जन्मानंतरच्या २८ दिवसांतील मृत्यू यात धरलेले नाहीत. ‘लॅटिनो’ या एका शब्दाखाली २०२० च्या जनगणनेनुसार ६ कोटी २१ लाख माणसे येतात. त्यांत मेक्सिकन वंशाचे लोक सर्वाधिक असले तरी पोर्तो रिकोचे, क्युबाचे, ग्वातेमालाचे आणि कोलंबियाचे लोकही आहेत, आणि चार पिढ्या टेक्सासमध्ये काढलेली, स्पॅनिश विसरलेली घरेही आहेत. सगळे कॅथलिक असतात हा समजही सोडून द्यावा लागतो. प्यू संशोधन केंद्राच्या २०२२ च्या पाहणीत प्रौढ लॅटिनोंपैकी ४३ टक्के कॅथलिक, २१ टक्के प्रोटेस्टंट आणि ३० टक्के कोणत्याही धर्मसंस्थेशी न जोडलेले आढळले. म्हणून मी जे काही सांगणार आहे ते मुख्यतः मेक्सिकोतून आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या, गरीब किंवा नुकत्याच स्थिरावलेल्या कुटुंबांविषयी आहे, आणि तेही प्रत्येक वेळी विचारून खात्री करून घेण्यासाठी आहे.

आता त्या आईच्या न रडण्याविषयी. लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात लहान वयात गेलेल्या मुलाला ‘आन्हेलितो’, म्हणजे छोटा देवदूत, म्हणतात. ते निष्पाप असल्यामुळे थेट स्वर्गात जाते अशी श्रद्धा आहे. जुन्या काळी अशा बाळाला पांढरी वस्त्रे घालून, डोक्यावर फुलांचा किंवा कागदाचा मुकुट ठेवून, घरातील मेजावर निजवत, संगीत वाजवत आणि गावजेवण घालत. कपडे आणि मुकुट आणण्याचा मान धर्ममाता-धर्मपित्याचा असे. याच परंपरेत एक समजूत रुजलेली आहे की आईने फार अश्रू ढाळले तर बाळाचे पंख भिजतात आणि त्याला वर उडता येत नाही. तुमच्या त्या रुग्ण बाई याच कारणाने रडल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. माणूस धक्क्यानेही गोठतो, वेदनाशामक औषधांच्या गुंगीनेही गप्प होतो आणि परक्यांसमोर रडणे पुष्कळांना अप्रशस्त वाटते. मात्र कोरड्या डोळ्यांवरून ‘रुग्णाने परिस्थिती स्वीकारली आहे’ अशी जी नोंद आपण संगणकात करून मोकळे होतो ती कशी फसवी असू शकते हे यावरून लक्षात यावे. मला एका आईने, बाळ जाऊन सात महिने झाल्यावर, स्नानगृहात नळ सोडून रडण्याची सवय लागल्याचे सांगितले होते. घरात सासू होती, आणि पंखांची गोष्ट सासूनेच तिला सांगितली होती.

‘देवालाच ठाऊक’ या वाक्याचेही तसेच आहे. आपल्याकडे ‘देवाची इच्छा’ म्हणणारी बाई त्या शब्दांनी स्वतःला सावरत असते, आणि त्याच शब्दांच्या आड तिचा देवावरचा रागही दडलेला असू शकतो. तेच येथेही घडते. हे वाक्य आईने स्वतः उच्चारले तर ते तिचे आहे, आपण त्याला मान द्यावा. आपण मात्र ते तिला सांत्वन म्हणून कधीही ऐकवू नये. मी अशा वेळी थोडे थांबून फक्त इतकेच विचारते : ‘आणि तुम्हाला काय वाटते?’ अनेकदा उत्तर येत नाही. कधी येते ते फार उशिरा, रात्रपाळीत दोनच्या सुमारास येते, आणि तेव्हा ऐकणारे कोणी तिथे असावे लागते.

शब्दांची निवड करताना माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. सुरुवातीच्या वर्षांत मी थोडे स्पॅनिश शिकले होते आणि दुभाषा येईपर्यंत थांबण्याऐवजी मी अठराव्या आठवड्यात बाळ गमावलेल्या एका मुलीशी स्वतःच बोलू लागले. वैद्यकीय कागदावर असतो तो ‘अबोर्तो’ हा शब्द मी वापरला. स्पॅनिशमध्ये आपोआप झालेल्या आणि मुद्दाम केलेल्या गर्भपाताला हाच एक शब्द आहे, फक्त पुढे विशेषण लागते, आणि ते विशेषण मी गाळले होते. ती मुलगी उठून बसली आणि म्हणाली, ‘मी काही केले नाही, मला हे बाळ हवे होते.’ तिच्या चेहऱ्यावरची भीती माझ्या अज्ञानामुळे आली होती. त्यानंतर मी ‘पेर्दिदा’, म्हणजे गमावणे, हा शब्द वापरते, किंवा त्याहून बरे, ‘तुमचे बाळ’ असे म्हणते. आईने बाळाला जे नाव दिले असेल तेच नाव घेते. ‘गर्भ’, ‘ऊती’, ‘अवशेष’ हे शब्द कोणत्याच भाषेत तिच्यासमोर उच्चारत नाही. शोक व्यक्त करताना स्पॅनिशमध्ये ‘ले आकोम्पान्यो एन सु दोलोर’ असे म्हणण्याची रीत आहे. तुमच्या दुःखात मी तुमच्या सोबत आहे, असा त्याचा अर्थ. एवढे एक वाक्य तुम्ही नीट उच्चारून शिकलात आणि ते बोलून खुर्ची ओढून खरोखरच बसलात, तर तुमचे तुटपुंजे स्पॅनिश आड येणार नाही.

मात्र त्यापुढचे सर्व बोलणे प्रशिक्षित दुभाष्याकडूनच व्हावे. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील भेदभावविरोधी कलमाखालील नियमांनुसार, तातडीचा प्रसंग सोडल्यास, रुग्णाच्या लहान मुलाकडून भाषांतर करवून घेण्यास मनाई आहे, तरीही अकरा-बारा वर्षांच्या मुलींना आपल्या भावंडाच्या मृत्यूची बातमी आईला सांगताना मी पाहिले आहे. नवऱ्याकडून किंवा आजीकडूनही भाषांतर नको, कारण ते दोघे आईला वाचवण्यासाठी अर्धे गाळतात. आणखी एक गोष्ट नव्या परिचारिकांच्या लक्षात येत नाही. ग्वातेमाला किंवा मेक्सिकोतील ओआहाकाहून आलेल्या कित्येक बायकांची मातृभाषा माम, किचे किंवा मिश्तेको असते. त्या स्पॅनिशमध्ये ‘सी, सी’ म्हणत मान हलवतात आणि त्यांना काहीच कळलेले नसते. घरी कोणती भाषा बोलता, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

तुमच्या प्रसंगातील आजीचा तुम्हाला राग आला असावा असे पत्रावरून जाणवले. तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिची मुलगी तिच्यासमोर कोसळते आहे, आणि ‘बघितले नाही तर विसरेल’ हा सल्ला तिला तिच्या वेळच्या डॉक्टरांनी, कदाचित तिच्या स्वतःच्या गेलेल्या बाळाच्या वेळी, दिला असेल. या आज्यांपैकी किती जणींचे एखादे लेकरू कुठेतरी पुरलेले असते हे मी मोजलेले नाही, पण ‘तुमच्या गावी अशा बाळासाठी काय करत?’ हा प्रश्न मी आजीला विचारते तेव्हा बहुतेक वेळा खोलीतील हवा बदलते. ती बोलू लागते. मुकुटाविषयी बोलते, फुलांविषयी बोलते, छायाचित्राविषयी बोलते. छायाचित्र म्हटले की आपले अमेरिकन सहकारी थोडे बिचकतात, पण मेक्सिकोत गेलेल्या बाळांची चित्रे काढण्याची प्रथा वसाहतकाळापासून आहे. हालिस्को राज्यातील आमेका गावी हुआन दे दिओस माचाइन नावाच्या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नटवलेल्या आन्हेलितोंची कितीतरी छायाचित्रे त्यांच्या आईवडिलांसाठी काढली. म्हणून मी आजीला विरोधक न मानता कामात घेते. बाळाला आंघोळ घालण्यासाठी, कपडे चढवण्यासाठी मी तिचे हात मागते. एकदा तिने बाळाला हाती घेतले की तीच आपल्या मुलीला म्हणते, ‘ये, बघ, किती सुंदर आहे.’ कोणी नाहीच म्हटले तर जबरदस्ती करू नये. निर्णय आईवडिलांचा आहे आणि तो दुसऱ्या दिवशी बदलू शकतो, हे मात्र आईला एकटीला, दुभाष्यामार्फत, स्पष्ट सांगावे. थंड ठेवणारा पाळणा असेल तर बाळाला एक-दोन दिवस खोलीत ठेवता येते. पायांचे ठसे, केसांची बट, दुपटे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत, आणि त्या वेळी कुटुंबाला ती नको असतील तर जपून ठेवावीत.

कॅथलिक घरांत बाप्तिस्म्याचा प्रश्न फार अवघड होऊन बसतो, आणि तो कोणी मोठ्याने विचारत नाही. बाप्तिस्मा न झालेले बाळ स्वर्ग आणि नरक यांच्यामधल्या ‘लिम्बो’त अडकते असे जुन्या पिढीने ऐकलेले असते. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात अशा बाळांच्या मुक्तीची आशा धरण्यास भक्कम आधार आहे असे म्हटले, आणि त्याआधीच चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने त्यांना देवाच्या दयेवर सोपवले होते. ही गोष्ट तुम्ही सांगण्यापेक्षा स्पॅनिश बोलणाऱ्या पाद्रीने सांगणे चांगले, पण अशा पाद्रीला वेळेवर बोलावणे तुमच्या हातात आहे. बाळ पोटातच गेले असेल तर चर्चच्या नियमानुसार बाप्तिस्मा होत नाही, कारण तो संस्कार जिवंतांसाठी आहे. हे वाक्य दारात उभे राहून सांगितले गेले तर आईवर वीज कोसळल्यासारखे होते. पाद्रीला आधीच बाजूला घेऊन, नामकरणाची प्रार्थना आणि आशीर्वाद देता येईल का, असे विचारावे. बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या बाळाचा दफनविधी, आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा असेल तर, बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये होऊ शकतो. नवजात बाळ जिवंत आहे आणि हातातून निसटते आहे अशी वेळ आली व पाद्री पोहोचू शकत नसेल, तर चर्चच्या कायद्यानुसार कोणतीही व्यक्ती, बाप्तिस्मा न झालेलीसुद्धा, योग्य हेतूने बाप्तिस्मा देऊ शकते. मेक्सिकोत याला ‘आग्वा दे सोकोर्रो’, संकटकाळचे पाणी, म्हणतात. मी हिंदू घरात वाढलेली आहे, आणि आईवडिलांनी विनवल्यावर माझ्या हातांनी मी चार बाळांच्या कपाळावर पाणी घालून ते शब्द उच्चारले आहेत. कुटुंब पेंटेकोस्टल असेल तर हे सगळे लागू नाही. तिथे त्यांच्या स्वतःच्या पास्टरांना आणि मंडळीला येऊ देणे हीच मोठी मदत असते.

कागदपत्रांकडे येते, कारण खरे घाव येथेच बसतात. टेक्सासमध्ये ३५० ग्रॅम किंवा अधिक वजनाच्या, वजन ठाऊक नसल्यास वीस आठवडे पूर्ण झालेल्या, मृत बाळाच्या मृत्यूची नोंद करावी लागते. मृतजन्माचे वेगळे जन्मप्रमाणपत्रही आईवडिलांनी अर्ज केल्यास मिळते, पण तो अर्ज करायचा असतो हे त्यांना कोणी सांगत नाही. बाळाने एक श्वास घेतला असेल तर जन्माचा दाखला आणि मृत्यूचा दाखला असे दोन्ही होतात. बाळाचे शरीर रुग्णालयाकडे सोपवण्याच्या अर्जावर सही करणाऱ्या अनेक आईवडिलांना आपण कशावर सही करतो आहोत हे कळलेले नसते. त्यानंतर पुरायला बाळ मागण्यासाठी ते परत येतात, तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो. हा एक अर्ज तुम्ही हळू वाचून दाखवलात, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात, काउंटीची दफनमदत आणि मेक्सिकोला पार्थिव न्यायचे असल्यास वाणिज्य दूतावासाची मदत यांची माहिती दिलीत, तर शंभर सांत्वनाच्या वाक्यांहून अधिक काम होईल. ज्यांच्याजवळ स्थलांतराचे कागद नाहीत ते प्रत्येक अर्जाला भितात. बाळाच्या दाखल्यासाठी आईवडिलांच्या स्थलांतराच्या स्थितीची चौकशी होत नाही, हे त्यांना न विचारताच सांगावे.

आमच्या रिओ ग्रान्दे खोऱ्यात याची एक फार क्रूर बाजू आहे. खोऱ्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर फाल्फुरियस आणि सरिटा येथे सीमा गस्ती दलाची तपासणी नाकी आहेत. जन्मतः गंभीर आजारी असलेले बाळ सुमारे ४०० किलोमीटरवरच्या सॅन अँटोनिओला हवाई रुग्णवाहिकेने जाते, आणि कागद नसलेले आईवडील त्या नाक्यापलीकडे जाऊ शकत नाहीत. बाळ तिथे शेवटचा श्वास घेते तेव्हा आईवडील ते फोनच्या पडद्यावर पाहत असतात. अशा आईवडिलांच्या शोकात अपराधाची जी धार असते, तिला मी अजून पुरते उत्तर शोधू शकलेले नाही. मी तिथल्या परिचारिकेला फोनवरून आईचा आवाज बाळाच्या कानाशी धरायला सांगते आणि बाळाला गुंडाळलेले कापड न धुता परत पाठवायला सांगते.

विम्याचेही असेच. २००२ पासून राज्यांना पोटातील बाळाच्या नावाने गर्भकाळाचा विमा देता येतो, आणि कागद नसलेल्या बायकांना टेक्सासमध्ये प्रसूतिपूर्व तपासण्या मिळतात त्या याच मार्गाने. विमा बाळाचा असल्यामुळे बाळंतपणानंतर आईच्या वाट्याला फक्त दोन तपासण्या उरतात. बाळ गेलेल्या बाईला मनाच्या उपचारांची गरज भासू लागते ती बहुधा त्यानंतरच, म्हणून त्या दोन भेटी वाया जाऊ देऊ नका.

‘माझेच काही चुकले का?’ हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येईल, आणि येथे मराठी माणसाला थोडा घरचा आधार आहे. ग्रहणात गरोदर बाईने बाहेर पडू नये, हे आपल्याकडे सांगतात. मेक्सिकोत ग्रहणाच्या वेळी पोटाशी सेफ्टी पिन किंवा लाल कापड लावतात. आपल्याकडे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाला बाधते असे म्हणतात, त्यांच्याकडे ‘आन्तोहो’ अपुरा राहिला तर. ‘सुस्तो’ म्हणजे अचानक बसलेली दहशत आणि ‘कोराहे’ म्हणजे दाबलेला संताप, ही बाळ जाण्याची कारणे म्हणून सांगितली जातात. यावर हसू नये आणि लगेच खोडूनही काढू नये. आधी तिने नेमके काय घडले असे मानले आहे ते पूर्ण ऐकावे, मग डॉक्टरांना काय आढळले ते सांगावे. पुरती तपासणी करूनही बऱ्याच मृतजन्मांचे कारण सापडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. शवचिकित्सेला कुटुंब नकार देत असेल तर वारेची तपासणी, जनुकीय चाचणी आणि क्ष-किरण एवढे तरी करता येते.

जिथे कारण ठाऊक असते तिथे ते पुष्कळदा आईच्या कह्यातले नसते. १९९१ च्या एप्रिलमध्ये ब्राउन्सव्हिलमधील एका रुग्णालयात छत्तीस तासांच्या आत मेंदू व कवटी न बनलेली तीन बाळे जन्मली, आणि त्यानंतर या सीमाभागातील मज्जानलिकेच्या दोषांकडे देशाचे लक्ष गेले. फॉलिक आम्लाने हे दोष बऱ्याच प्रमाणात टळतात हे कळल्यावर १९९८ पासून अमेरिकेत सत्त्वयुक्त गव्हाच्या पिठात ते मिसळणे सक्तीचे झाले, पण ज्याच्या तोर्तिया या घरांत रोज भाजल्या जातात ते मक्याचे ‘मासा’ पीठ त्यातून सुटले. २०१६ मध्ये ते मिसळण्याची नुसती परवानगी मिळाली, आणि सक्ती करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा लागू झाला तो १ जानेवारी २०२६ पासून. बाळाला असा दोष होता म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आईला मी ही पिठाची हकिकत सांगते. पुढच्या गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच तिने डॉक्टरांना भेटावे, कारण अशा आईला नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमऐवजी त्याच्या दहापट मात्रा दिली जाते, हेही तिला त्याच वेळी सांगायचे असते.

आता घरी गेल्यानंतरचे दिवस. आपल्याकडे जसा बाळंतिणीचा सव्वा महिना, तशी त्यांच्याकडे ‘क्वारेन्तेना’ असते. चाळीस दिवस आईला कामाला लावायचे नाही, गार वारा लागू द्यायचा नाही, कोंबडीचा रस्सा आणि ‘आतोले’ची पेज द्यायची, पोट बांधायचे. बाळ नसले की ही चाळीस दिवसांची सुश्रूषा बहुतेक वेळा आपोआप रद्द होते. ती बाई आठव्या दिवशी लोकांची घरे पुसायला जाते, आणि तिच्या शरीराला मात्र काहीच कळवलेले नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येते. घरी पाठवण्यापूर्वी दुधाविषयी बोलला नाहीत तर ते एकट्या खोलीत, कोणी काही न सांगता, अंगावर येते. घट्ट अंतर्वस्त्र, थंड पट्ट्या, औषध, किंवा तिला हवे असेल तर दूधपेढीला दान, असे पर्याय सांगा. आणि आजी व नवरा खोलीत असताना, डॉक्टरांच्या अधिकाराने, हे वाक्य उच्चारा की या बाळंतिणीला क्वारेन्तेना लागू आहे. मी हे प्रत्येक घरी सांगते. त्यामुळे विश्रांती मिळते हे झालेच, पण ती आई आहे हे घराने मान्य केल्याचे तिला त्याच क्षणी कळते, आणि माझ्या अनुभवात हुंदका बहुधा तेव्हाच फुटतो.

वडिलांना कठोर समजू नका. ‘तिच्यासाठी मला खंबीर राहिले पाहिजे’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. बांधकामावर रोजंदारी करणाऱ्याला एक दिवस बुडवणे परवडत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून गर्भपात किंवा मृतजन्मानंतर आईवडिलांना पाच दिवसांच्या रजेचा हक्क आहे, टेक्सासमध्ये खाजगी नोकरीत तसा हक्क नाही. तुमच्या रुग्णाचा नवरा पहाटे कामावर गेला, तो कदाचित शवपेटीचे पैसे जमवायला गेला असेल. बापाशी समोरासमोर बसून भावनांविषयी विचारले तर तो नजर खाली घालतो. त्याच्याकडे काम सोपवा. पाळणा परत न्यायचा आहे, नाव कसे लिहायचे ते सांगायचे आहे, पेटी उचलायची आहे. एका सुताराने आपल्या मुलीची पेटी स्वतः बनवून आणली होती, आणि तिच्या कडा तो माझ्याशी बोलत असताना अर्धा तास बोटाने चाचपून पाहत होता.

शोक आणि आजार यांत फरक करावाच लागतो. एडिंबराची दहा प्रश्नांची प्रश्नावली स्पॅनिशमध्ये उपलब्ध आहे, ती वापरा, पण तिच्यातून नैराश्य मोजले जाते, शोक नाही. या बायका ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतात. त्या ‘नेर्बिओस’, म्हणजे जिवाची घालमेल, म्हणतात, छाती दाटली म्हणतात, डोके दुखते म्हणतात, आणि त्या वेदनेवर गोळी देऊन त्यांना परत पाठवले जाते. झोप पूर्ण उडाली, जेवण सुटले, बाळाकडे जावेसे वाटते असे कोणी म्हणाले तर त्याच क्षणी सरळ, स्पष्ट शब्दांत आत्महत्येविषयी विचारा. मातांच्या मानसिक आरोग्याची राष्ट्रीय मदतवाहिनी १-८३३-८५२-६२६२ या क्रमांकावर स्पॅनिशमध्येही बोलते, आणि ९८८ वर दोनचा आकडा दाबल्यास स्पॅनिश बोलणारी व्यक्ती मिळते. हे क्रमांक कागदावर लिहून पर्समध्ये ठेवायला सांगण्यापेक्षा तिच्या फोनमध्ये तिच्यासमोर साठवून द्यावेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. होय, पाच आठवड्यांनंतरही संपर्क साधणे योग्य आहे, किंबहुना हीच वेळ आहे, कारण नऊ दिवसांचा ‘नोबेनारिओ’, म्हणजे रोज संध्याकाळी शेजाऱ्यांनी जमून म्हणायची जपमाळ, केव्हाच आटोपलेली असते आणि भांडी परत घेऊन बायका आपापल्या घरी गेलेल्या असतात. तुमच्या विभागप्रमुखांच्या परवानगीने, दुभाष्याला सोबत घेऊन फोन करा. स्वतःची ओळख द्या, आणि बाळाला काय नाव दिले होते, असे विचारा. आई बोलली तर ऐका, बोलली नाही तर पुन्हा केव्हा फोन केलेला चालेल एवढे विचारून थांबा. १ नोव्हेंबरला मेक्सिकन घरांत गेलेल्या मुलांसाठी वेदी मांडतात, तिच्यावर दूध, गोड पाव आणि खेळणी ठेवतात. काही भागांत बाप्तिस्म्याविना गेलेल्यांसाठी त्याआधीचा एखादा दिवस राखलेला असतो. त्या सुमारास दुसरा फोन करायची नोंद आत्ताच करून ठेवा. आणि आजीने दुपटे ओढून घेतल्यावरही तुमच्या सहकाऱ्यांपैकी कोणी ठसे किंवा छायाचित्र घेऊन ठेवले आहे का, हे विभागाच्या कपाटात आजच पाहा. अशा आठवणींची पेटी असेल तर आईला तसे सांगा, ती कधीही मागू शकते, असेही सांगा. ती पाठवण्याची वेळ येईल तेव्हा झाकणावर लिहिलेले नाव आईने सांगितल्याप्रमाणे, स्पॅनिशमधल्या स्वरचिन्हासकट आणि दोन्ही आडनावांसह, बरोबर उतरले आहे ना, ते एकदा फोनवर तिच्याकडूनच तपासून घ्या.